एटीव्ही घेताना मागचं सस्पेन्शन: सॉलिड एक्सल की इंडिपेंडंट?

एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणारी हँडलची चारचाकी, घ्यायची ठरली की पहिली चर्चा इंजिनच्या सीसीवर होते, मग फोर-व्हील ड्राइव्हवर, मग पॉवर स्टिअरिंगवर. मागच्या दोन चाकांच्या मध्ये काय बसवलंय, हे नवखा माणूस अगदी शेवटी बघतो किंवा बघतच नाही. पण गाडी तुम्हाला किती थकवणार, आडव्या उतारावर किती धीर देणार, दगडात कुठे अडकणार आणि दुरुस्तीला किती वेळ खाणार, यातलं बरंचसं तिथेच ठरतं. इंजिन थोडं कमी पडलं तर हळू जाता येतं. सस्पेन्शन चुकलं तर ते प्रत्येक फेरीत जाणवतं, आणि नंतर बदलणं व्यवहारात शक्य नसतं, कारण दोन्ही प्रकारांसाठी मागची चेसिसच वेगळी बनवलेली असते.

आजच्या जवळपास सगळ्या एटीव्हींत पुढच्या चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन असतं. त्यामुळे निवड करायची ती फक्त मागची. ती कशी करायची, ते क्रमाने बघू.

पायरी 1: गाडीच्या मागे उकिडवे बसा

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि गाडीच्या मागे जाऊन खाली वाका. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सरळ, जाड, अखंड दांडा किंवा नळी गेलेली दिसली, तर ती सॉलिड एक्सल. हा एक्सल एका मजबूत स्विंगआर्ममध्ये, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या भुजेत, बसवलेला असतो आणि स्विंगआर्म पुढच्या टोकाला चेसिसला बिजागरीसारखा जोडलेला असतो. बहुधा मध्ये एकच शॉकअप असतो, काही गाड्यांत दोन. खेळाच्या एटीव्हींत एक्सलवर स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि ब्रेकची डिस्क दिसेल, चेन दिसेल. कामाच्या एटीव्हींत चेनऐवजी शाफ्ट असतो आणि नळीवर गिअरचा एक फुगीर डबा असतो.

इंडिपेंडंटमध्ये चित्र वेगळं दिसतं. गिअरचा डबा मधोमध चेसिसलाच पक्का बोल्ट केलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक बारीक शाफ्ट निघतो आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबराचे घडीघडीचे काळे बूट असतात. प्रत्येक चाक दोन ए-आर्मवर (इंग्रजी A च्या आकाराच्या भुजांवर), एक वर आणि एक खाली, धरलेलं असतं आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र शॉकअप असतो. कॅन-ॲमच्या आउटलँडरसारख्या गाड्यांत ए-आर्मऐवजी मागे जाणारा लांब ट्रेलिंग आर्म असतो. तोही इंडिपेंडंटच.

खाली वाकलात की दोन गैरसमज तिथेच काढून टाका. पहिला, सॉलिड एक्सल म्हणजे मागे सस्पेन्शनच नाही. असं नाही. स्विंगआर्म आणि शॉकअप असतात, आणि खेळाच्या गाड्यांत ते फार उत्तम दर्जाचे असतात. सस्पेन्शन खरोखर नव्हतं ते 1970 च्या होंडा यूएस 90 सारख्या सुरुवातीच्या तीनचाकी गाड्यांत. त्यांत फुगीर, कमी हवेचे टायरच सगळे धक्के झेलायचे.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. इंडिपेंडंट म्हटलं की दोन्ही मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात, असं बरेच जण धरून चालतात. इंडिपेंडंट असते ती चाकांची वर-खाली हालचाल. फिरण्याच्या बाबतीत बऱ्याच इंडिपेंडंट एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकमेकांशी लॉकच असतात, अगदी सॉलिड एक्सलसारखी. पोलारिसच्या काही मॉडेलांत हे लॉक सोडायचा स्विच असतो, म्हणजे हिरवळीवर वळताना गवत उपटत नाही. हवा असेल तर तो आहे का, हे वेगळं विचारा.

पायरी 2: एक चाक दगडावर चढलं की काय होतं, ते समजून घ्या

माझ्या मते निवडीची किल्ली या एका प्रश्नात आहे: चाक वर गेलं की मधला भाग कुठे जातो? हे नीट डोक्यात बसलं की बाकीचे फायदे-तोटे पाठ करावे लागत नाहीत.

समजा उजवं मागचं चाक 20 सेंटिमीटर उंच दगडावर चढलं. सॉलिड एक्सलमध्ये उजवं टोक 20 सेंटिमीटर वर आणि डावं जमिनीवर, म्हणजे एक्सलचा मध्य 10 सेंटिमीटर वर उचलला जातो. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या शिडीचं एक टोक उचलावं, तसं. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर 95 सेंटिमीटरच्या आसपास धरलं तर एक्सल सुमारे 12 अंशांनी कलतो. आता यातली खरी गोम बघा. स्विंगआर्म फक्त वर-खाली हलू शकतो, बाजूला पिळला जात नाही. म्हणून एक्सल कलला की गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर कलतो, आणि त्यावर बसलेले तुम्हीही. प्रत्यक्षात थोडा भाग टायर दबून खातो, थोडं पुढचं सस्पेन्शन विरोध करतं, पण कंबरेला बसणारा तो आडवा हिसका इथूनच येतो. मागचा शॉकअप कितीही भारी असला तरी या हिसक्यावर त्याचं काही चालत नाही.

इंडिपेंडंटमध्ये तेच उजवं चाक वर जातं, त्याची स्प्रिंग दबते, डावं चाक आपल्या जागी राहतं आणि चेसिस थोडीच हलते. बसणाऱ्याला आराम. पण मधला गिअरचा डबाही चेसिसबरोबर जवळपास तिथेच राहतो, फारसा उचलला जात नाही.

इथून ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीखालच्या मोकळ्या उंचीचा, हिशोब वेगळा दिसू लागतो. कागदावर सॉलिड एक्सलच्या कामाच्या गाडीला साधारण 6 ते 8 इंच आणि इंडिपेंडंटला 9 ते 12 इंच क्लिअरन्स असतो. फरक मोठा वाटतो, आणि गाडी सपाट जमिनीवर उभी असताना तो खराच असतो. पण एकच चाक दगडावर चढतं तेव्हा सॉलिड एक्सलचा डबा वर उचलला जातो आणि हा फरक बराच कमी होतो. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात आपटली, तर 11 इंच क्लिअरन्सच्या इंडिपेंडंट गाडीची चेसिस 6 इंच खाली येऊ शकते आणि डब्याखाली 5 इंच उरतात. सॉलिडमध्ये डबा चाकांबरोबरच हलतो, त्यामुळे त्याच्याखालचं अंतर ठरतं ते फक्त टायरच्या उंचीवर. 7 इंच असेल तर स्प्रिंग पूर्ण दबली तरी तिथे 7 इंचच. (पोटाखालची प्लेट मात्र दोन्ही प्रकारांत खाली येते, हे विसरू नका.)

मग इंडिपेंडंटची उंची खरी उपयोगी कुठे पडते? अडथळा चाकांखाली नसून दोन चाकांच्या मधोमध असतो तिथे. मधला दगड, कापलेल्या झाडाचा बुंधा, खोल चाकोऱ्यांमधली वर आलेली मातीची रांग, घट्ट चिखल. तिथे सॉलिड एक्सलचा डबा किंवा स्प्रॉकेट नांगरासारखं घुसत जातं आणि गाडी पोटावर बसते. इंडिपेंडंट वरून निघून जाते.

आणखी एक गोष्ट याच चित्रातून निघते. सॉलिडमध्ये एक्सल, नळी, ब्रेक, काही गाड्यांत गिअरचा डबासुद्धा चाकांबरोबर वर-खाली नाचतो. एवढं वजन एकदा उसळलं की ते आवरायला शॉकअपला वेळ लागतो. लहान-लहान खड्ड्यांची लागोपाठ रांग आली, की सॉलिड एक्सलची मागची बाजू टणाटण उडते, इंडिपेंडंटची चाकं जमिनीला धरून राहतात. चढावर सुटे दगड असतील तर हा फरक केवळ आरामाचा राहत नाही, पकडीचा होतो.

पायरी 3: तुमच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट टप्पा डोळ्यांसमोर आणा

वाटेचा सरासरी भाग कुठल्याही गाडीने पार होतो, म्हणून तो निकष नाही. तुम्ही नेहमी जाणार त्या वाटेवरचा जो टप्पा नकोसा वाटतो, तो कागदावर लिहा. तिथे नेमकं काय आहे?

दगड-धोंडे, उघडी मुळं आणि त्यातून तासन्‌तास जायचं असेल, तर इंडिपेंडंट घ्या. पाठ, मान आणि मनगटं शाबूत राहतात आणि दिवसाच्या शेवटी लक्ष टिकतं. थकलेला चालक चुका करतो, म्हणून आरामाला चैन समजू नका. वय झालेल्या किंवा पाठीचा त्रास असलेल्या माणसाला मी दुसरा पर्याय सुचवणारच नाही.

आडवा उतार असेल, म्हणजे डोंगराच्या अंगाने तिरकं जायचं असेल, तर सॉलिड एक्सल जास्त धीर देतो. स्विंगआर्म पिळला जात नाही, हे वर सांगितलं. तोच गुण इथे उपयोगी येतो: गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला झुकत नाही. इंडिपेंडंटमध्ये खालच्या बाजूची स्प्रिंग दबते, वरच्या बाजूची सैल होते आणि गाडी उतारापेक्षाही थोडी जास्त कलते. हे रोखायला बहुतेक इंडिपेंडंट गाड्यांना स्वे बार (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडून कलणं कमी करणारी दांडी) देतात, आणि आडव्या उतारावर जाणार असाल तर स्वे बार नसलेली इंडिपेंडंट गाडी घेऊ नका. तरीही एक गोष्ट ठाम सांगतो. फार तीव्र आडव्या उतारासाठी दोन्हींपैकी कुठलीच गाडी सुरक्षित नाही. तिथे वाट बदला.

मोकळ्या मातीवर, वाळूवर वेगात वळणं घ्यायची असतील तर गोष्ट आणखी रंजक होते. दोन्ही चाकं लॉक असली की वळताना आतलं चाक अडथळा करतं, कारण त्याला कमी अंतर जायचं असतं आणि फिरावं लागतं बाहेरच्याइतकंच. सॉलिड एक्सलची मागची बाजू ताठ असल्याने वळणात आतल्या चाकावरचा भार चटकन कमी होतो, चाक हलकं होतं आणि गाडी मागून सहज घसरत वळते. चालकाने अंग आत झोकलं की ही घसरण कुठे सुरू होणार आणि कुठे थांबणार, हे त्याला आधीच कळतं. यामाहा रॅप्टर 700 आणि वायएफझेड 450 आर सारख्या खेळाच्या गाड्या म्हणूनच सॉलिड एक्सल आणि चेनवर आहेत. शर्यतीच्या मोटोक्रॉस ट्रॅकवर तुम्हाला हाच प्रकार दिसेल. हलका, मजबूत, अंदाज येणारा. इंडिपेंडंटमध्ये आतलं चाक जमिनीला चिकटून राहतं आणि वळणात गाडी सरळ पुढे जायला बघते. कामाच्या वेगात हे जाणवत नाही, खेळाच्या वेगात नक्की जाणवतं.

चिखलाचं उत्तर चिखलावर अवलंबून आहे. खोल आणि चाकोऱ्यांचा असेल तर इंडिपेंडंट. वरवरचा, खाली कडक जमीन असलेला चिखल असेल तर फरक टायर पाडतात, सस्पेन्शन नाही.

पायरी 4: मागे काय लादणार आणि काय ओढणार?

शेतावर, बागेत, जंगलातल्या कामाला गाडी घेणाऱ्यांनी ही पायरी वगळू नये. मागच्या रॅकवर ओझं ठेवलं की इंडिपेंडंट गाडी बसते आणि ज्या क्लिअरन्ससाठी जास्त पैसे मोजले तोच कमी होतो. ए-आर्मवर गाडी खाली बसली की चाकांचा कोनही बदलतो आणि टायर एका कडेने झिजू लागतात. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवून हे बरंचसं सावरता येतं, पण मग रिकामी गाडी कडक लागते. रोज एकदा भरून आणि एकदा रिकामी फेरी मारणाऱ्याला हे फार खटकतं.

ट्रेलर ओढायचा असेल तर हिच (ट्रेलर अडकवायचा हूक) कुठे जोडलंय, ते बघा. सॉलिड एक्सलच्या काही कामाच्या गाड्यांत, होंडाच्या बऱ्याच मॉडेलांत, ते एक्सलच्या नळीला किंवा स्विंगआर्मला असतं. म्हणजे ट्रेलरच्या दांडीचा भार थेट चाकांवर जातो आणि मागचं सस्पेन्शन त्याखाली दबत नाही. इंडिपेंडंटमध्ये हिच चेसिसला असतं, म्हणून भार स्प्रिंगवरून जातो, मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. चढावर पुढची चाकं हलकी होणं ही गंभीर बाब आहे. दोन्ही प्रकारांत कंपनीने दिलेली भाराची मर्यादा गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते, ती पाळा. रोजचं मुख्य काम ओढण्याचं असेल आणि वाट बरी असेल, तर मी सॉलिड एक्सल सुचवतो.

पायरी 5: हात काळे कोण करणार?

सॉलिड एक्सलमध्ये झिजणाऱ्या वस्तू मोजक्या: एक्सलची बेअरिंग, स्विंगआर्मची बेअरिंग किंवा बुश, शॉकअपचे बुश. चेनची गाडी असेल तर चेन आणि स्प्रॉकेट. साध्या पान्यांनी घरी बरंच काही करता येतं. त्याची दुखरी जागा म्हणजे खाली लोंबणारं स्प्रॉकेट आणि डिस्क. दगडाचा एक नेमका तडाखा आणि डिस्क वाकते. म्हणून स्विंगआर्मखाली जाड गार्ड बसवून घ्या. चेनचा ताण बघताना गाडीवर कोणालातरी बसवा. स्विंगआर्म वर-खाली होतो तसा चेनचा ताण बदलतो, आणि रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन माणूस बसल्यावर ताठ होऊ शकते. ताठ चेन बेअरिंग खाते.

इंडिपेंडंटमध्ये मागे चार सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या टोकांचे, कोनातही फिरणारे सांधे), चार ए-आर्म, त्यांच्या टोकांचे बुश, दोन शॉकअप आणि स्वे बारचे दुवे. प्रत्येक ठिकाणी चिखल शिरतो. सगळ्यात जास्त लक्ष मागतो तो रबरी बूट. त्याच्या आत सीव्ही जॉइंट ग्रीसमध्ये बुडालेला असतो. काटकी किंवा तारेचा तुकडा लागून बूट चिरला, की फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि ए-आर्मच्या आतल्या बाजूला, चाकाच्या रिमवर काळे, चिकट शिंतोडे दिसतात. याच वेळी पकडलं तर बूट बदलून, जॉइंट धुऊन, नवं ग्रीस भरून भागतं. दुर्लक्ष केलं तर माती आत जाऊन दळण सुरू होतं, वळताना कटकट आवाज येऊ लागतो आणि मग पूर्ण शाफ्ट बदलावा लागतो. म्हणून गाडी धुतली की चारही बुटांच्या घड्या बोटाने उघडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

जवळ चांगला मेकॅनिक नसेल, सुटे भाग यायला वेळ लागत असेल आणि गाडीवर रोजचं पोट अवलंबून असेल, तर हा मुद्दा आरामापेक्षा वर ठेवा.

पायरी 6: जोडीने येणाऱ्या मॉडेलांची तुलना करा

दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या शेजारी ठेवल्या तर सस्पेन्शनचा फरक इंजिन, टायर आणि सीटच्या फरकात हरवून जातो. त्यापेक्षा एकाच कुटुंबातल्या दोन गाड्या बघा. होंडाची रँचर सॉलिड आणि इंडिपेंडंट अशा दोन्ही रूपांत मिळते. होंडानेच 2015 मध्ये रुबिकॉनला इंडिपेंडंट दिलं आणि फोरमन सॉलिडवर ठेवली. सुझुकीची किंगक्वाड 400 सॉलिड आहे, तर 500 आणि 750 इंडिपेंडंट. जुन्या बाजारात कावासाकीची ब्रूट फोर्स 650 बघत असाल तर नावाकडे नीट लक्ष द्या: 4x4 म्हणजे सॉलिड आणि 4x4आय म्हणजे इंडिपेंडंट. एका अक्षराचा फरक आहे आणि विकणाऱ्यालाही तो अनेकदा माहीत नसतो.

कामाच्या मोठ्या गाड्यांत इंडिपेंडंटचं वारं वाहू लागलं ते पोलारिसच्या 1996 च्या स्पोर्ट्समन 500 पासून, आणि आज त्या वर्गात तेच जास्त दिसतं. पोलारिसने आउटलॉ या खेळाच्या गाडीतही इंडिपेंडंट आणलं, पण पुढे त्याच आउटलॉ 525 ची सॉलिड एक्सलची एस आवृत्तीही काढली. खेळाच्या चालकांना काय हवं असतं, ते यातून दिसतं.

पायरी 7: चाचणी अशी घ्या

दुकानासमोरच्या गुळगुळीत जागेवर दोन्ही गाड्या सारख्याच वाटतील. म्हणून खडबडीत जागा मागा. हेल्मेट, बूट आणि हातमोजे घालून, आणि आधी दोन्ही गाड्यांची टायरची हवा स्टिकरप्रमाणे समान करून घेऊन बसा. एटीव्हीच्या टायरमध्ये बहुधा 3 ते 7 पीएसआय एवढीच हवा असते. 2 पीएसआय जास्त भरली तरी गाडी दगडासारखी कडक लागते आणि तुम्ही दोष सस्पेन्शनला देता. कारचा गेज इतकी कमी हवा नीट दाखवत नाही, कमी दाबाचा गेज वापरा.

मग चार गोष्टी करा. बसूनच, चालण्याच्या वेगाने, फक्त उजवी चाकं एखाद्या ओंडक्यावरून न्या आणि कंबरेला काय जाणवतं ते बघा. लहान खड्ड्यांच्या रांगेवरून मध्यम वेगाने जा आणि मागची बाजू उडते की धरून राहते, ते पाहा. सौम्य आडव्या उतारावर हळू जाऊन थांबा आणि गाडी किती कलते, ते अंगाने मापा. शेवटी मोकळ्या जागेत घट्ट वळण घ्या, एकदा ताठ बसून आणि एकदा अंग आतल्या बाजूला नेऊन. सॉलिड एक्सलची गाडी या दोन वळणांत जणू दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागेल. अंग वापरायची ही सवय लावून घ्यायची तुमची तयारी आहे का, ते तिथेच स्वतःला विचारा. ज्याला फक्त बसून हँडल वळवायचं आहे, त्याला सॉलिड एक्सल कायम जड वाटेल.

पायरी 8: जुनी गाडी असेल तर मागची बाजू उचला

गाडी जॅकवर घेऊन दोन्ही मागची चाकं हवेत ठेवा आणि खाली भक्कम आधार द्या. चाकाला वरून आणि खालून धरून हलवा, मग डावीकडून आणि उजवीकडून धरून हलवा.

सॉलिडमध्ये एक चाक हलवल्यावर पूर्ण एक्सल नळीत खडखडत असेल, तर मधली बेअरिंग गेली आहेत. नंतर चाक हळू फिरवा आणि रिमच्या कडेजवळ एक काठी स्थिर धरा. काठी आणि रिममधली फट कमी-जास्त होत असेल तर एकतर रिम वाकलीय किंवा एक्सल. चाक काढून एक्सलच्या टोकाशी हीच चाचणी केली की कोण दोषी ते कळतं. वाकलेला एक्सल सरळ करून वापरू नका, बदलावाच लागतो. स्विंगआर्म दोन्ही हातांनी धरून आडवा हलवून पाहा, तिथे अजिबात प्ले (ढिलेपणा) नको.

इंडिपेंडंटमध्ये वर-खाली प्ले दिसला तर तो नेमका कुठे आहे, हे शोधायला दुसऱ्या माणसाची मदत घ्या: एक जण चाक हलवेल, दुसरा चाकाची बेअरिंग, बॉल जॉइंट आणि ए-आर्मचे बुश यांना एकेक करून बोट लावेल. जिथे हालचाल बोटाला लागते, तो भाग झिजलेला. मग शाफ्ट हाताने पिळून बघा, चारही बूट तपासा, आणि ए-आर्म जिथे चेसिसला जोडलेत तिथल्या पट्ट्यांवर तडे किंवा नव्याने केलेलं वेल्डिंग आहे का, ते टॉर्चने बघा. लिफ्ट किट लावून उंच केलेली गाडी असेल तर सावध राहा. शाफ्टचा कोन वाढला की बूट आणि जॉइंट दोन्ही लवकर जातात.

शाफ्टच्या गाडीत, दोन्ही प्रकारांत, मागच्या डब्याचं थोडं ऑइल काढून पाहा. दुधी रंगाचं निघालं तर आत पाणी गेलंय.

पायरी 9: घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

हवा स्टिकरप्रमाणे ठेवा. नेहमीचं ओझं आणि नेहमीचा चालक गाडीवर असताना प्रीलोड लावा. बहुतेक शॉकअपवर पायऱ्यांची कडी असते, ती सोबतच्या पान्याने फिरवायची, आणि इंडिपेंडंटमध्ये डावी-उजवी दोन्ही बाजू एकाच पायरीवर ठेवायची. बसल्यावर मागची बाजू थोडी दबली पाहिजे, अजिबात दबत नसेल तर प्रीलोड जास्त आहे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर चाकांचे नट, ए-आर्मचे किंवा स्विंगआर्मचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा कसा. चेनची गाडी असेल तर नवी चेन सुरुवातीला लवकर सैल होते, म्हणून तिचा ताण तेव्हाच बघा. ग्रीस निपल असतील तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा आणि पाण्यातून किंवा चिखलातून आल्यावर हेच पुन्हा करा.